मोल्सवर्थाचे ‘चार दिवस’ : डेन्मार्कांतील राजवरणाच्या लोपाविषयींच्या एका जुन्या ग्रंथाचें परीक्षण

मोल्सवर्थ हें नांव उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें शब्दकोशाचा जाडजूड ग्रंथ उभा राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो मोल्सवर्थ नव्हे. आपल्या कोशकाराच्या जन्मापूर्वीं सुमारें शंभर वर्षें, रॉबर्ट मोल्सवर्थ नांवाचा एक आयरिश जमीनदार इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा वकील म्हणून कोपनहेगनच्या दरबारीं होता. १६८९ पासून १६९२ पर्यंत तेथें राहून तो परतला तो डॅनिश राजाशीं बिनसवूनच परतला. आणि मग त्यानें आपलें नांव न घालतां, १६९२ सालीं डेन्मार्क देश कसा होता याचा वृत्तांत म्हणून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तकावर साल १६९४ चें आहे. तें चांगलें खपलें, त्याच्या आवृत्त्या निघाल्या, युरोपांतील इतर भाषांत भाषांतरें झालीं. आणि एका राष्ट्रानें आपलें स्वातंत्र्य आपल्याच हातांनीं राजाच्या ओंजळींत कसें टाकलें याचा दाखला हवा असला म्हणजे लोक याच पुस्तकाकडे बोट दाखवूं लागले. निवृत्तीनंतर आम्हांस हें पुस्तक सावकाश वाचण्याचा योग आला. वाचून जे संशय उद्भवले ते येथें मांडण्याचें योजिलें आहे.

डेन्मार्कच्या राजवटीशीं आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी वाचक करील. कोपनहेगन हें नांव आपल्या संशोधकांस अगदींच परकें नाहीं. डॅनिश लोकांनीं १६२० सालीं तंजावरच्या नायकांकडून तरंगंबाडीस ठाणें मिळविलें. पुढें तंजावरास भोसल्यांचा अंमल झाला, आणि त्या दरबारचे मोडी कागद डेन्मार्कच्या संग्रहांत जाऊन पडले. त्यांचें संपादन एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या राजसत्तेच्या दप्तरांत आपले कागद शिरले ती सत्ता कशी बनली हें जाणून घेणें त्यामुळें अप्रस्तुत ठरूं नये. पण आमचें खरें कारण याहून साधें आहे. राजे दोन प्रकारचे, वंशपरंपरेनें आलेले व निवडलेले, अशी वाटणी शाळेच्या फळ्यावर खडूनें आम्हीं स्वतः कित्येक वर्षें केली आहे. ती वाटणी किती फसवी आहे हें डेन्मार्कच्या उदाहरणानें आमच्या लक्षांत आलें; आणि मोल्सवर्थासारखा चतुर मनुष्यही तिच्याच आहारीं गेला आहे असें दिसलें.

मोल्सवर्थाची कथा थोडक्यांत अशी. स्वीडनशीं झालेल्या युद्धांत देश पिळून निघालेला, खजिना रिकामा, सैन्याचा पगार थकलेला. अशा स्थितींत १६६० सालीं राजा तिसरा फ्रेडरिक यानें सरदार, धर्माधिकारी व नगरवासी या तीन वर्गांची सभा कोपनहेगनांत बोलाविली. सरदार स्वतः कर देण्यास नाखूष. बोजा इतरांवर पडावा ही त्यांची इच्छा. वादाच्या भरांत ओट्टो क्राग नांवाचा सरदार सामान्यांस म्हणाला कीं, तुम्हांस ना आमचे हक्क समजत, ना तुमची स्वतःची पायरी. हे शब्द कोपनहेगनचा नगराध्यक्ष नान्सन यास झोंबले. तो व बिशप स्वाने यांनीं सामान्यांस सभेंतून बाहेर नेलें, आणि सरदारांचा माज उतरविण्यासाठीं राजासच वंशपरंपरागत व अनियंत्रित सत्ता देऊं केली. शहराचे दरवाजे बंद झाले. सरदार आंत कोंडले गेले. शेवटीं त्यांनींही मान तुकविली. जें राज्य जवळजवळ सरदारांच्या हातचें होतें तें, मोल्सवर्थाच्या हिशेबानें, चार दिवसांत जगांतील कोणत्याही राज्याइतकें अनियंत्रित झालें. सामान्यांच्या पदरीं काय पडलें? आपल्यास छळणारे आतां आपल्याइतकेच दीन झाले, हें पाहण्याचें समाधान, असें तो कडवटपणें म्हणतो.

कथेंत रस आहे यांत शंका नाहीं. त्वेषाचीं भाषणें आहेत, रागलोभ आहेत, एक अविचारी वाक्य आहे व त्या वाक्यानें कोसळलेली एक व्यवस्था आहे. वर्गांतल्या मुलांस सांगावयास याहून सोयीची गोष्ट मिळणें कठीण. परंतु जी गोष्ट सांगावयास इतकी सोयीची असते तिच्या तारखा एकदां तपासून पाहाव्या, हा इतिहाससंशोधकाचा धर्म आहे.

तेव्हां दिवस मोजूं. (तारखा त्या काळच्या डेन्मार्कांतील जुन्या पंचांगाच्या आहेत; नवें पंचांग तेथें १७०० सालीं आलें.) सभा भरली १६६० च्या सप्टेंबराच्या १० व्या तारखेस. पुढचे चार आठवडे कराच्या वादांत गेले. वंशपरंपरागत राज्याची सूचना धर्माधिकारी व नगरवासी यांनीं ऑक्टोबराच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभीं लेखी पुढें आणली. राजमंडळानें, म्हणजे सरदारांच्या त्या वरिष्ठ सभेनें जिला डॅनिश भाषेंत ‘रिग्सरॉड’ म्हणत, ती प्रथम मान्य केली नाहीं. १३ ऑक्टोबरास तिन्ही वर्गांनीं मिळून राज्य वंशपरंपरागत करण्याचें राजास अर्पण केलें. १६ तारखेस राजाचें पूर्वींचें वचनपत्र रद्द ठरलें, व दुसऱ्या दिवशीं तें त्यास परत दिलें गेलें. १८ तारखेस सर्वांनीं राजनिष्ठेची शपथ वाहिली. येथवर सुमारें साडेपांच आठवडे झाले. मोल्सवर्थाचे चार दिवस यांत कोठें तरी बसवितां येतील. पण प्रकरण येथें संपलेलेंच नाहीं. १० जानेवारी १६६१ रोजीं एक दस्तऐवज तयार झाला, त्यांत राजास प्रथमच पूर्ण व अनियंत्रित सत्ता असल्याचें स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें. त्यावर देशभर वर्गावार सह्या व शिक्के घेण्याचें काम चाललें, आणि आइसलँडांतील लोकांच्या शपथा व सह्या तर १६६२ सालीं झाल्या. शेवटीं १४ नोव्हेंबर १६६५ या दिवशीं राजानें ‘राजविधि’ या नांवाच्या चाळीस कलमांच्या कायद्यावर सही केली. त्याचा मसुदा पेडर शूमाकर या राजाच्या विद्वान चिटणिसानें केला होता. हाच शूमाकर पुढें ग्रिफेनफेल्ड या नांवानें सरदार व मुख्य मंत्री झाला आणि १६७६ सालीं राजद्रोहाच्या आरोपाखालीं कैदेंत गेला. पण तें आख्यान निराळें.

म्हणजे जेथें मोल्सवर्थास चार दिवस दिसले तेथें पांच वर्षें आहेत, आणि जेथें त्यास एकच घटना दिसली तेथें निदान तीन स्वतंत्र कागद आहेत : १३ ऑक्टोबराचें अर्पण, १६ ऑक्टोबराची वचनपत्राची रद्दी, आणि १६६१ चा सह्यांचा दस्तऐवज. राजविधि हा चौथा. आमचा मुख्य आक्षेप दिवसांच्या संख्येविषयीं नाहीं. तें किरकोळ आहे. आक्षेप हा कीं, पहिल्या कागदांत अनियंत्रित सत्तेचें नांवही नाहीं. त्यांत आहे तें केवळ वारसाविषयीं. मग वारसाच्या नियमांतून अनियंत्रित सत्ता निघाली कशी? या प्रश्नाचें उत्तर मोल्सवर्थ देत नाहीं, कारण वंशपरंपरागत म्हणजे अनियंत्रित व निवडलेला म्हणजे नियंत्रित, असें समीकरण तो आधींच धरून चालला आहे.

उत्तर दुसऱ्या कागदांत आहे, आणि तें समजण्यासाठीं डेन्मार्कांत राजाची निवड म्हणजे काय होती हें पाहिलें पाहिजे. १४४८ सालीं ओल्डनबर्ग घराण्यांतील ख्रिश्चन याची निवड झाली तेव्हांपासून १६४८ पर्यंत दोनशें वर्षें राजे त्याच घराण्यांतले झाले. एकदां, १५२३ सालीं, दुसऱ्या ख्रिश्चनास काढून त्याच्या चुलत्यास, पहिल्या फ्रेडरिकास, गादीवर बसविलें. तो १५३३ सालीं वारला तेव्हां राजमंडळानें निवड लांबणीवर टाकली, त्याचें फळ १५३४ ते १५३६ चें यादवी युद्ध झालें, आणि अखेर राज्य त्याच फ्रेडरिकाच्या थोरल्या मुलाकडे गेलें. यानंतर निवड लांबणीवर टाकण्याची हौस सरदारांस फारशी उरली नसावी. शिवाय दुसरीही एक अडचण होती. नॉर्वेचें राज्य व श्लेस्विग-होल्स्टाइन येथील जहागिरी यांवर या घराण्याचा वारसाहक्क सांगितला जाई. डेन्मार्कानें घराण्याबाहेरचा राजा केला तर हे प्रदेश तुटून जाण्याचें भय. म्हणून निवड ‘मुक्त’ असें कागदावर कितीही लिहिलें तरी उमेदवार बहुधा एकच असे.

मग निवडीचा उपयोग काय? उपयोग वचनपत्राचा. डॅनिश भाषेंत त्यास जो शब्द आहे त्याचा अक्षरार्थ ‘हात देऊन केलेली बांधणी’ असा होतो. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें पाणिग्रहण आठवल्यावांचून राहत नाहीं. १२८२ सालीं राजा एरिक क्लिपिंग यानें असें पहिलें पत्र लिहून दिलें, आणि ओल्डनबर्ग घराण्यांतील प्रत्येक राजास गादीवर येतांना तें नव्यानें लिहून द्यावें लागलें. युद्ध राजमंडळाच्या संमतीवांचून करूं नये, नवे कर बसवूं नयेत, सरदारांचे हक्क अबाधित ठेवावे, अशीं त्यांत कलमें असत. चौथा ख्रिश्चन १६४८ च्या फेब्रुवारींत वारला तेव्हां निवडून ठेवलेला युवराज आधल्याच वर्षीं मरण पावला होता. धाकटा मुलगा फ्रेडरिक याची निवड व्हावयाची होती. राजमंडळाचा प्रमुख कोर्फिट्स उल्फेल्ट होता. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ही संधि सोडली नाहीं. उमेदवाराविषयीं खरी चुरस नव्हती. पण राजा मिळण्यास कित्येक महिने लागले, आणि फ्रेडरिकास जें पत्र लिहून द्यावें लागलें तें त्याच्या पूर्वजांच्या पत्रांहून कडक होतें. राजमंडळाच्या संमतीवांचून देशाबाहेर जाण्यासही त्यास मोकळीक राहिली नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. राजा कोण व्हावा हें ठरविण्यासाठीं ही निवड नव्हती. राजानें काय करूं नये हें त्याच्याकडून लिहून घेण्याचा तो प्रसंग होता. आमच्याकडे अथर्ववेदांतील राजवरणाच्या सूक्ताविषयीं असाच घोंटाळा झालेला आहे. जायसवालांनीं आपल्या १९२४ च्या ‘हिंदु पॉलिटी’ ग्रंथांत त्यावरून वैदिक राजा लोकांनीं निवडलेला असे असें प्रतिपादिलें, आणि इतरांनीं तें नाकारलें. दोन्ही पक्षांनीं ‘वृ’ धातूचा अर्थ स्वयंवरांतल्या वरणासारखा, म्हणजे अनेकांतून एक, असा धरला. परंतु वरण ऋत्विजांचेंही असतें. तेथें कोणास वरावयाचें हें यजमानास आधींच ठाऊक असतें. तरी विधि व्हावा लागतो, आणि ऋत्विजही होकार देण्यापूर्वीं दक्षिणा काय हें विचारून घेतो. डेन्मार्कचें राजवरण या दुसऱ्या जातीचें होतें. उमेदवार ठरलेला, बोलणें सारें दक्षिणेचें.

असें वरण एकदां बंद झालें म्हणजे दक्षिणा विचारण्याचा प्रसंगच उरत नाहीं. १३ ऑक्टोबरास सरदारांनीं संमति दिली ती बहुधा वारसाच्या प्रश्नालाच. निदान कागदांत तेवढेंच आहे. मग प्रश्न निघाला कीं, जें वचनपत्र निवडलेल्या राजानें निवडणारांस दिलें तें आतां निवडणूकच नसतां कोणत्या आधारावर टिकावें? बिशप स्वाने यानें तें राजास परत द्यावें अशी बाजू मांडली, व ती मान्य झाली. नवी व्यवस्था कोणती असावी हें त्या वेळीं लिहून घेतलें गेलें नाहीं. तें राजाच्या इच्छेवर सोडलें. राज्य बदललें तें या तीन दिवसांतल्या मौनानें. क्रागाच्या उद्धटपणानें किंवा नान्सनाच्या संतापानें तें बदललें नाहीं; दरवाजे बंद केल्यानेंही फार तर घाई झाली. मोल्सवर्थाच्या कथेंत हा परत दिलेला कागद ओझरता येतो. आमच्या मतें कथेचा नायक तोच आहे.

येथें संग्राहक बंधूंस एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे जुन्या सनदांचा रुमाल होता. त्यांतील दोनतीन कागदांवर ते रद्द केल्याची खूण होती म्हणून त्यांनीं ते निरुपयोगी समजून वेगळे काढले व पुढें ते कोठें गेले हें त्यांसही सांगतां येईना. रद्द झालेला कागद हा हक्काचा पुरावा म्हणून निरुपयोगी. इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे. तिसऱ्या फ्रेडरिकाचें १६४८ चें वचनपत्र रद्द झालें, पण त्यांतील मजकूर टिकला म्हणूनच १६६० मध्यें काय गमावलें हें आज सांगतां येतें.

वंशपरंपरा व अनियंत्रित सत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें दाखविण्यास मोल्सवर्थाच्याच काळांतलें एक उदाहरण पुरेसें आहे, आणि तें त्याच्या दृष्टीस कसें पडलें नाहीं याचें नवल वाटतें. तो कोपनहेगनास जाण्यापूर्वीं दोनच वर्षें, १६८७ सालीं, हंगेरीच्या वर्गसभेनें प्रेसबर्ग येथें राजा निवडण्याचा आपला हक्क सोडला व गादी हाब्सबर्ग घराण्याच्या पुरुषसंततीकडे वंशपरंपरेनें जावी असें मान्य केलें. इतकेंच नव्हे, तर राजानें करार मोडल्यास त्यास विरोध करण्याचा जो हक्क १२२२ च्या सुवर्णमुद्रांकित सनदेनें सरदारांस दिला होता तोही त्यांनीं सोडला. बाहेरून पाहतां डेन्मार्कचीच पुनरावृत्ति. पण हंगेरींत राजास राज्याभिषेकाच्या वेळीं शपथ घेऊन लेखी पत्र द्यावें लागे, तें चालूच राहिलें, वर्गसभा राहिली, सरदारांची करमाफी तर १८४८ पर्यंत राहिली. बोलणी करण्याचा प्रसंग निवडीवरून उचलून अभिषेकावर नेऊन ठेवला, एवढाच फरक झाला. त्या प्रसंगाचें महत्त्व किती, तर दुसऱ्या जोसेफास तीं बंधनें नको होतीं म्हणून १७८० पासून १७९० पर्यंत त्यानें हंगेरीचा अभिषेकच करून घेतला नाहीं. याच्या उलट पोलंडांत निवड खरोखरच मुक्त होती, परकी राजे येत, १५७३ पासून प्रत्येक राजाकडून अटी लिहून घेतल्या जात. आणि शेवटीं १७९१ च्या राज्यघटनेनें गादी वंशपरंपरागत केली ती राजा प्रबळ व्हावा म्हणून नव्हे, तर राज्य वांचावें म्हणून. पोलंडाचा विषय मोठा आहे. त्यास येथें हात घालीत नाहीं.

डॅनिश राजविधि करणाऱ्या शूमाकरास हें मर्म पुरतें कळलें होतें. त्यानें गादीचा क्रम बारकाईनें ठरविला, आधीं पुरुषसंतति व ती खुंटल्यास स्त्रीसंतति. राजा चौदाव्या वर्षांत पदार्पण करतांच सज्ञान समजावा असें लिहिलें. आणि राजानें तोंडीं वा लेखी कोणतीही शपथ देण्याचें कारण नाहीं असें एक कलम घातलें. अभिषेकाची वाटही अशी बुजविली. पांचव्या ख्रिश्चनाचा विधि १६७१ सालीं फ्रेडरिक्सबोर्ग येथें झाला तेव्हां राजा मुकुट घालूनच प्रार्थनामंदिरांत आला. धर्माधिकाऱ्याच्या वांट्यास केवळ तैलाभ्यंग आलें. राजास बंधन इतकेंच राहिलें कीं, आऊग्सबर्गचा धर्ममतपाठ सोडूं नये, राज्याचे तुकडे करूं नयेत, व या कायद्यास धक्का लावूं नये.

आतां मोल्सवर्थाच्या बाजूचें जें आहे तें सांगितलें पाहिजे. हा राजविधि छापून प्रसिद्ध झाला तो १७०९ सालीं, चवथ्या फ्रेडरिकाच्या आज्ञेनें. (हाच राजा, ज्यानें धर्मप्रचारासाठीं धाडलेला त्सीगनबाल्ग १७०६ मध्यें तरंगंबाडीस पोंचला.) मोल्सवर्थाचें पुस्तक त्यापूर्वीं पंधरा वर्षें निघालें, छापील प्रत त्यानें पाहिलेली असणें शक्य नाहीं. तसेंच शहराचे दरवाजे बंद झाले, सरदारांवर दडपण आलें, या गोष्टी त्याच्या कल्पनेंतून निघालेल्या नाहींत. सभेंत शेतकऱ्यांचा प्रतिनिधि मुळींच नव्हता. देशांतील बहुसंख्य लोकांस कोणी विचारलेंच नाहीं. पुढें १७३३ सालीं तेथील कुणब्यांस जन्मगांवच्या जमिनीशीं जखडून ठेवणारा कायदा झाला आणि तो उठण्यास १७८८ उजाडलें, हें लक्षांत घेतां नव्या सत्तेनें रयतेस काय दिलें याविषयीं मोल्सवर्थाचा कडवटपणा अगदींच अस्थानीं म्हणतां येत नाहीं.

त्याच्याविरुद्ध विल्यम किंग या इंग्रज पंडितानें १६९४ सालींच डॅनिश बाजूनें एक खंडन लिहिलें. मोल्सवर्थानें राजाच्या राखीव रानांत शिकार केली, राजाखेरीज इतरांस मज्जाव असलेल्या रस्त्यावरून गाडी हांकली, अशा गोष्टींस त्यांत बरेंच स्थान आहे. खंडनाची ही रीत आपल्याकडील वादांतही आढळते. प्रतिपक्षाची वर्तणूक वाईट ठरली म्हणून त्याच्या तारखा चुकीच्या ठरत नाहींत.

मोल्सवर्थाचा दोष त्याच्या हेतूंत शोधला पाहिजे. तो घटनेनंतर तीस वर्षांनीं लिहितो, ऐकीव माहितीवर लिहितो, आणि लिहितो तें इंग्रजांसाठीं. इंग्लंडांत १६८८ सालीं दुसऱ्या जेम्सास पळून जावें लागलें होतें व १६८९ सालीं पार्लमेंटानें ठराव करून विल्यम व मेरी यांस गादी दिली होती. ज्या राजाचा हा वकील, तो राजाच एका प्रकारें वरलेला. डेन्मार्काचें चित्र दाखवून इंग्रजांस, तुम्हीं जागे राहा, असें सांगावयाचें होतें. याच मोल्सवर्थानें पुढें १७११ सालीं ओत्मान या फ्रेंच ग्रंथकाराच्या १५७३ च्या ‘फ्रांकोगाल्लिया’ या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. प्राचीन फ्रेंच राजे निवडलेले असत हें त्या पुस्तकाचें एक मुख्य प्रतिपादन. हा योगायोग नव्हे. मीमांसकांच्या भाषेंत सांगावयाचें तर डेन्मार्काच्या वृत्तांतांतील तें प्रकरण अर्थवाद आहे. त्याचा विधि इंग्लंडांत आहे. अर्थवाद विधीस पोषक म्हणून प्रमाण. त्यांतील कथाभाग स्वतंत्र प्रमाण म्हणून घेऊं नये, हें पूर्वमीमांसा शिकलेल्या विद्यार्थ्यास नवें नाहीं. ज्यांनीं हें प्रकरण डेन्मार्कचा इतिहास म्हणून उतरून घेतलें त्यांनीं नेमकी हीच चूक केली.

अर्थवादाचा रंग शब्दांतही उतरतो. क्रागानें सामान्यांस काय म्हटलें? मोल्सवर्थ त्याचें इंग्रजी ‘गुलाम’ असें करतो, आणि प्रामाणिकपणें कंसांत मूळ डॅनिश शब्दाचा अक्षरार्थही देतो : ‘अमुक्त’. डॅनिश व्यवहारांत सरदार ‘मुक्त’ म्हणजे करांतून मुक्त. जो सरदार नाहीं तो ‘अमुक्त’, म्हणजे कर देणारा. क्रागानें ही कायद्याची संज्ञा वापरली असल्यास त्यांत तुच्छता होती, पण दास्याचा आरोप नव्हता. आपल्या सनदांत कोणास ‘इनामदार’ व कोणास ‘रयत’ म्हटलें म्हणून रयतेस गुलाम म्हटलें असें कोणी समजत नाहीं. मोल्सवर्थानें ‘कर देणारे’ असें भाषांतर केलें असतें तर सभेंतला तंटा कराचाच होता हें वाचकास कळलें असतें. पण मग स्वातंत्र्य व दास्य यांचें नाटक रंगलें नसतें. १६५८ सालीं, वेढ्याच्या काळांत, कोपनहेगनच्या नागरिकांस राजानें सरदारांसारखे कांहीं हक्क दिले होते व १६५९ च्या फेब्रुवारींतला स्वीडिश हल्ला परतविण्यांत तेच नागरिक तटावर उभे होते. अशा लोकांस पुन्हां ‘अमुक्त’ म्हटल्यावर ते कां चिडले हें समजण्यास गुलामगिरीची गरज नाहीं.

राजविधि १८४९ च्या राज्यघटनेनें बाजूस सारला, व त्यांतील वारसाचा भाग १८५३ च्या कायद्यानें बदलला. मोल्सवर्थाच्या त्या प्रकरणाचें मराठी भाषांतर कोणी करण्याचें मनांत आणल्यास आमची सूचना अशी कीं, त्यासोबत १६४८ चें वचनपत्र, १३ ऑक्टोबर १६६० चें अर्पणपत्र व १६६१ चा दस्तऐवज हे तिन्ही कागद तारीखवार छापावे, आणि क्रागाच्या तोंडचा शब्द ‘दास’ असा न घालतां ‘अमुक्त’ असाच ठेवून खालीं टीप द्यावी.